पोटातला राखणदार

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या रत्नागिरीकडे अभ्यंगस्नान आटोपले, की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडूजहर रस जिभेला लावायचा आणि मग पोह्यांच्या पंगतीला बसायचे, असा परिपाठ आहे. गुळाचे पोहे, फोडणीचे पोहे, दुधातले पोहे आणि सर्वांत शेवटी दह्यातले पोहे. लहानपणी आम्हां मुलांचा डोळा गुळाच्या पोह्यांवर असे. दही-पोहे हा वडीलधाऱ्यांचा मामला. आता वय वाढले तशी आवडही बदलली. मात्र दह्याचा घास तोंडात घालताना अलीकडे एक विचार हटकून मनात येतो. ह्या एका घासाबरोबर आपण कोट्यवधी जिवंत पाहुणे पोटात धाडीत आहोत. आणि हे पाहुणे ज्या गावाला निघाले आहेत, तेथे त्यांच्याहून कितीतरी जुने आणि अफाट संख्येने नांदणारे रहिवासी आधीच बसलेले आहेत.

सणासुदीच्या दिवशी जंतूंची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ही कथा नुसती जंतूंची नाही. कोकणातल्या जुन्या घरांतून जो एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला, त्या प्रश्नाच्या उत्तराची ही कथा आहे.

आमच्या घरात ती अशी सांगितली जाई. पणजोबांच्या पिढीतले दोघे सख्खे भाऊ मुंबईला गिरणीत होते. उन्हाळ्यात आगबोटीने रत्नागिरीला आले, पडावातून किनाऱ्याला लागले आणि चालत घरी पोचले. विहिरी तळाला गेल्या होत्या. दोघांनी एकाच विहिरीचे पाणी प्यायले, एकाच टोपातली पेज खाल्ली. तिसऱ्या दिवशी दोघांनाही जुलाब सुरू झाले. थोरला संध्याकाळच्या आत गेला. धाकटा दोन दिवस अंथरुणाला खिळला आणि उठून बसला. पुढे ऐंशी वर्षे जगला. आजी ही हकीगत सांगे आणि शेवटी म्हणे, “त्याचा वाटा सरला होता, दुसरे काय!” पाणी तेच, पेज तीच, रक्त तेच, मग एक का गेला आणि दुसरा का राहिला? आजीपाशी त्याला दैवाखेरीज उत्तर नव्हते. त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांपाशीही नव्हते.

* * *

ह्या रोगाला आपण पटकी म्हणतो. परंतु कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर त्याचे एक जुने नाव होते, मोडशी. ह्या शब्दाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. १५४३ साली गोव्यात ह्या रोगाची भयंकर साथ आली. तिचे वर्णन गास्पार कोरेया ह्या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवले आहे. पुढे वीस वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापून निघाला. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते तोच हा ओर्ता. त्यानेही ह्या रोगाची लक्षणे बारकाईने दिली आहेत. आपल्या ‘मोडशी’चे पोर्तुगीजांनी ‘मोर्देशीं’ केले, आणि फ्रेंचांच्या कानावर ते गेले तेव्हा त्यांना त्यात आपल्याच भाषेतले शब्द ऐकू आले, ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण! आपल्या बोलीतला एक साधा शब्द असा वेष बदलीत युरोपापर्यंत गेला.

मागाहून रोगही गेला. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरला उसळलेली साथ १८१८ मध्ये मुंबईत येऊन ठेपली आणि तेथून जहाजांच्या वाटांनी दूरवर पसरली. त्या शतकात तिने जगाला अनेक प्रदक्षिणा घातल्या. कोकणची स्थिती तर अशी, की पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडावा, जांभ्या दगडाच्या सच्छिद्र भुईतून सगळे पाणी समुद्राला जाऊन मिळावे आणि वैशाखात त्याच गावाने विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावे. नेमका तोच चाकरमान्यांच्या घरी येण्याचा हंगाम. मुंबईची साथ गावात यायला आणखी काय हवे? मग गावकरी देवळात जमत, ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाई आणि रोगाने गावाची शीव ओलांडून बाहेर जावे म्हणून नारळ दिले जात.

ह्या शीवेची कल्पना वाचकांनी ध्यानात ठेवावी. कोकणातल्या प्रत्येक गावाला एक राखणदार असतो. तो दिसत नाही. पण गावाच्या शीवेवर त्याचा पहारा असतो आणि परक्याला तो आत येऊ देत नाही, अशी श्रद्धा आहे. वर्षातून एकदा त्याला ‘राखण’ द्यावी लागते. ती चुकली, की राखणदार रुसतो. पुढची सारी कथा मला ह्या राखणदाराच्या आठवणीवाचून सांगता येणार नाही.

* * *

१८८४ च्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ह्यांनी कलकत्त्याहून जाहीर केले, की पटकीचा जंतू सापडला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्वल्पविरामासारखा वाकडा दिसे. (इटलीतल्या फिलिप्पो पाचीनी ह्यांनी तीस वर्षांपूर्वीच, १८५४ मध्ये, तो पाहून ठेवला होता, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते.) झाले, चोर सापडला! आता सर्व उलगडा होणार, असे लोकांना वाटले.

तसे वाटले नाही ते म्युनिचच्या माक्स फोन पेटेनकोफर ह्या वृद्ध प्राध्यापकांना. त्यांचे म्हणणे असे, की नुसत्या जंतूने पटकी होत नाही. जागा, हवा, भूमी ह्यांची अनुकूलता लागते. १८९२ साली हाम्बुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ह्या ७३ वर्षांच्या म्हाताऱ्याने पटकीच्या जंतूंनी भरलेले पाणी सर्वांच्या देखत पिऊन टाकले. त्यांना थोडे जुलाब झाले, एवढेच. पेटेनकोफर चुकले होते, जंतू हेच कारण होते. परंतु आमच्या आजीचा प्रश्न त्यांनी साऱ्या युरोपपुढे उभा केला: तोच जंतू एकाला मारतो आणि दुसऱ्याला का सोडतो?

हाच प्रश्न पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बसलेल्या एका रशियन शास्त्रज्ञाला छळीत होता. त्यांचे नाव इल्या मेचनिकॉफ. शरीरातल्या पांढऱ्या पेशी शत्रूजंतूंना गिळून टाकतात, हा शोध त्यांचाच; त्यासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनीही पटकीचे जंतू स्वतः प्यायले. त्यांना काही झाले नाही. एका सहकाऱ्याने प्यायले, त्यालाही काही झाले नाही. दुसऱ्याने प्यायले आणि तो मरता मरता वाचला. मेचनिकॉफ हादरले, पण विचार करावयाचे थांबले नाहीत. त्यांनी काचेच्या बशीत पटकीच्या जंतूंशेजारी आतड्यातले इतर जंतू वाढवून पाहिले. काही जंतूंच्या शेजारी पटकी जोमाने वाढे. काहींच्या शेजारी ती वाढतच नसे. म्हणजे पोटात आधीपासून कोण राहतो, ह्यावर रोगाचे यशापयश अवलंबून असावे! शीवेवरच्या राखणदाराची चाहूल शास्त्राला प्रथम लागली ती अशी.

ह्याच मेचनिकॉफ ह्यांचा ओडेसाचा एक विद्यार्थी आपल्या मुंबईला परका नाही. वॉल्डेमार हाफकिन हे त्याचे नाव. गुरूच्या पाठोपाठ तो पॅरिसला आला, पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी तो हिंदुस्थानात उतरला आणि त्याने हजारो लोकांना लस टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा त्याला तिकडे बोलावण्यात आले; १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगच्या लशीचा पहिला प्रयोगही त्याने स्वतःवरच केला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली थाटलेल्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. गिरणगावात राबणाऱ्या रत्नागिरीकरांच्या वस्तीला लागूनच ही वास्तू उभी आहे.

गुरू आणि शिष्य ह्यांनी एकाच शत्रूकडे दोन बाजूंनी पाहिले. शिष्याने रक्तात पहारा बसवला. गुरू आतड्यात पहारा शोधीत होता. पुढची साठसत्तर वर्षे शिष्याच्या मार्गाचा गाजावाजा झाला आणि तो योग्यच होता. वारीला किंवा मोठ्या जत्रेला निघताना दंडावर घेतलेली टोचणी अनेक वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पण दंडातली लस आतड्यातल्या शत्रूपर्यंत पुरेशी पोचत नाही आणि तिचा प्रभाव थोडे महिनेच टिकतो, असे दिसून आले. १९७३ मध्ये पटकीच्या टोचणीच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय अट काढून टाकण्यात आली. आज पटकीची लस तोंडाने पाजतात, म्हणजे पहारा जेथे हवा तेथेच बसतो.

* * *

मेचनिकॉफ पुढे एका नादाला लागले. म्हातारपण हे मोठ्या आतड्यातल्या कुजणाऱ्या जंतूंच्या विषामुळे येते, असे त्यांनी ठरवले. आणि बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, असे १९०७ च्या आपल्या ग्रंथात मांडले. झाले, युरोपात दह्याची लाट उसळली! औषधांच्या दुकानांतून दह्याच्या वड्या विकल्या जाऊ लागल्या. आपल्याकडच्या कोणत्याही आजीबाईला हे ऐकून हसू आले असते. स्वतः मेचनिकॉफ नेमाने आंबट दूध घेत. ते ७१ व्या वर्षी वारले. लंडनच्या एका नामांकित शस्त्रवैद्यांनी तर ह्या मताच्या आहारी जाऊन लोकांची मोठी आतडीच कापून काढावयास आरंभ केला. अशा अतिरेकाने मूळ विचारही बदनाम झाला. दह्यातले बहुतेक जंतू आतड्यात मुक्काम करीत नाहीत, ते वाटसरू आहेत, असे ध्यानात आल्यावर ‘चांगले जंतू’ हा शब्द उच्चारणे विद्वानांना कमीपणाचे वाटू लागले.

पण विचार मेला नव्हता. १८८५ साली थिओडोर एशेरिख ह्यांनी नवजात अर्भकाच्या आतड्यात एक निरुपद्रवी जंतू शोधला होता, तोच आजचा प्रसिद्ध ‘ई कोलाय’. १८९९ मध्ये पाश्चर संस्थेतच आँरी तिसिये ह्यांना आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांच्या पोटात ‘बिफिडस’ जंतू सापडला. पुढे उलगडा झाला तो असा, की आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, ज्या बाळाला मुळीच पचत नाहीत. त्या ह्या जंतूंना पचतात. आई पाजते ती एकट्या बाळाला नव्हे. बाळाच्या पोटात जे नवे गाव वसत असते, त्याचाही घास ती आपल्या दुधात घालून ठेवते. निसर्गाने जी शिदोरी बांधली तिच्यात राखणदाराची राखण पहिल्यापासूनच होती.

उलट बाजूने पुरावा मिळाला तो जंतुरहित प्राण्यांपासून. अगदी निर्जंतुक पेटीत, निर्जंतुक हवेत, निर्जंतुक अन्नावर उंदीर वाढवण्याची कला विसाव्या शतकाच्या मध्याला साधली. असे उंदीर निरोगी व्हावेत, अशी आपली अपेक्षा. झाले उलटेच! त्यांच्या आतड्याची भिंत पातळ राहिली, आतड्यालगतच्या संरक्षक पेशींच्या गाठी खुरटल्या आणि रक्तात प्रतिद्रव्ये फारच कमी निघाली. शत्रूच न पाहिलेल्या ह्या सैन्याला मित्रांनीही कवायत शिकवली नव्हती.

मग १९५४ साली शिकागोच्या मार्जोरी बॉनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. उंदरांना विषमज्वराच्या जातीचे जंतू पाजून आजारी पाडण्यास सुमारे एक लाख जंतू लागत. उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिनची एक मात्रा दिली, तर दहाहूनही कमी जंतू पुरत! औषधाने राखणदार मारले गेले होते आणि शीव उघडी पडली होती. पाठोपाठ रॉल्फ फ्रेटर ह्यांनी गिनीपिगांवर पटकीचा प्रयोग केला. एरवी ज्यांना पोटातून पटकी होत नाही, तेच प्राणी आतड्यातले मूळ जंतू दडपल्यावर पटकीने मेले. मेचनिकॉफ ह्यांच्या काचेच्या बशीतली गोष्ट साठ वर्षांनी जिवंत प्राण्यात खरी ठरली.

* * *

आता कथेचा सर्वांत नवलाचा भाग येतो. राखणदार शीवेवर पहारा देतो हे ठीक. पण तो घरात शिरून घरातले दिवे लावतो-मालवतो, असे सांगितले तर?

आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुकांची तीच पोथी असते. डोळ्यातही तीच, आतड्यातही तीच. फरक इतकाच, की सर्व जनुके सर्वत्र जागी नसतात. मोठ्या वाड्यात शेकडो दिवे असावेत. पण देवघरात एक समई, ओसरीवर दोन पणत्या, माजघरात एक दिवा, असे जेथे लागतील तेवढेच लावावेत, तसे हे आहे. हे दिवे लावणारी कळ असते, हे जगाला प्रथम कळले तेही एका आतड्यातल्याच जंतूकडून. पाश्चर संस्थेतच फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो ह्यांनी १९६१ मध्ये दाखवले, की ‘ई कोलाय’ जंतूला दुधातली साखर मिळाली, तरच ती साखर पचवणारी त्याची जनुके जागी होतात; साखर संपली, की पुन्हा निजतात. १९६५ साली आंद्रे ल्वॉफ ह्यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूच्या जनुकांना बाहेरून आलेला पदार्थ जागे करू शकतो, तर जंतूने केलेला पदार्थ आपल्या जनुकांना का जागे करणार नाही?

ह्याचे उत्तर २००१ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे लोरा हूपर आणि जेफ्री गॉर्डन ह्यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. त्यांनी जंतुरहित उंदरांच्या पोटात आतड्यात नेहमी राहणारा एकच जंतू सोडला आणि आतड्याच्या भिंतीतली कोणती जनुके जागी होतात ते मोजले. अन्न शोषून घेणारी, भिंत मजबूत करणारी, नव्या रक्तवाहिन्या घडवणारी अशी कितीतरी जनुके आपली चाल बदलून बसली होती. एका पाहुण्याच्या येण्याने घरातले दिवे वेगळेच लागले होते!

हे होते कसे? जनुकांचा धागा पेशीत रिळावर गुंडाळावा तसा काही प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळला, तर तो भाग वाचता येत नाही. सैल झाला, तर वाचता येतो. धागा सैल ठेवणाऱ्या बारीक खुणा असतात आणि त्या खुणा खुडून काढणारे एक विकर असते. आता आपण खाल्लेल्या भाजीभाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यापासून काही आम्ले तयार करतात. त्यांतले एक ब्युटिरिक आम्ल, खवट लोण्याला ज्याचा वास येतो तेच. मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशी आपले बहुतेक इंधन ह्या आम्लातूनच घेतात. एवढ्यावर ते थांबत नाही. हे आम्ल खुणा खुडणाऱ्या त्या विकराचा हात धरते. धागा सैल राहतो आणि निजलेली जनुके वाचली जातात.

कोणती जनुके? २०१३ साली जपानमधून आणि अमेरिकेतून जवळजवळ एकाच वेळी तीन शोधनिबंध निघाले. जंतूंनी केलेली ही आम्ले आतड्यात एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी वाढवतात, असे त्यांत दिसून आले. ह्या पेशी लढणाऱ्या नव्हेत, आवरणाऱ्या आहेत. आपल्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याभोवती तळ ठोकून असतो आणि त्यांच्यापुढून रोज अन्न, जंतू, धूळ असे परकेच परके जात असतात. प्रत्येकावर तलवार उपसली, तर आपल्याच घराला आग लागेल. आतड्याचे काही चिवट दाह असेच होतात. वैरी कोण आणि वाटसरू कोण, हे शिकवणारे जाणते लोक सैन्यात हवेत. ते तयार करण्यास रहिवासी जंतूंची मदत लागते. काही दुसरे जंतू उलट सैन्याला सावध ठेवतात: २००९ साली उंदरांत आढळले, की एक धाग्यासारखा जंतू आतड्यात असला, तर लढाऊ पेशींची एक तुकडी सज्ज होते. गावात समजूत घालणारा लागतो आणि दांडपट्टा फिरवणाराही लागतो. दोघांचा मेळ म्हणजे आरोग्य.

* * *

आता आपण पुन्हा त्या दोन भावांकडे येऊ.

२०१४ साली ढाक्याच्या पटकीच्या रुग्णांचा अभ्यास करताना अन्सेल शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की रुग्ण बरा होऊ लागला, की त्याच्या आतड्यात काही मूळ जंतू ठरावीक क्रमाने परत येतात. त्यांतला एक, ‘ब्लाउशिया ओबियम’, उंदरांत पटकीला पाय रोवू देत नाही. तो एक रासायनिक संकेत सोडतो आणि त्याने पटकीच्या जंतूची चिकटून बसण्याची जनुकेच मंदावतात. म्हणजे राखणदार चोराशी झटापट करीत नाही. त्याच्या हातातली मशालच विझवतो! पुढे २०२० साली ह्याच शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या माणसांच्या आतड्यांतल्या जंतूंच्या वसाहती उंदरांत वसवून पाहिल्या. काही वसाहतींचे उंदीर पटकीला सहज बळी पडले. काहींचे तग धरून राहिले. तोच पटकीचा जंतू, तसेच उंदीर. फरक केवळ रहिवाशांचा. तग धरणाऱ्यांच्या आतड्यात पित्तातला एक क्षार मोडून टाकणारे जंतू होते. आणि पटकीला आपले विष तयार करण्याची खूण नेमकी त्या क्षारातून मिळत असते.

आमच्या घरातल्या त्या धाकट्या भावाला राखणदारानेच तारले, असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. किती जंतू पोटात गेले, जठरातले आम्ल किती तिखट होते, रक्तगट कोणता होता, ह्या सर्वांचा वाटा असतो. ‘ओ’ रक्तगटाच्या माणसाला पटकी अधिक जोराने होते, हे सिद्ध झालेले आहे. परंतु आजीने ज्याला दैव म्हटले, त्यातला एक भाग तरी आता डोळ्यांनी दिसू लागला आहे.

आणि थोरला वाचला असता, हेही सांगितले पाहिजे. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ दे ह्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले, की पटकी एक विष सोडते आणि त्या विषाने अंगातले पाणी आतड्यात पाझरते. माणूस मरतो तो पाण्यावाचून. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून भरभरून पाजले आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्या आत आणले. आमच्या पणजोबांच्या काळी मात्र पटकीच्या रोग्याला पाणी तोडण्याची रीत होती! थोरला ओरडून पाणी मागत होता, असे आजी सांगे. त्या वाक्यापाशी तिचा आवाज नेहमी बसे.

ह्या मीठ-साखरेच्या पाण्यातही पुढे राखणदाराचा वाटा घातला गेला. वेलोरच्या डॉ. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली पटकीच्या ४८ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. काहींना नेहमीचे पाणी दिले, काहींना त्यात तांदळाचे पीठ घालून, काहींना लवकर न पचणारे मक्याचे पिष्ट घालून. ह्या शेवटच्यांचे जुलाब सर्वांत लवकर आटोक्यात आले. कारण ते पिष्ट न पचता मोठ्या आतड्यात उतरते. तेथले जंतू त्याची आम्ले करतात आणि त्या आम्लांबरोबर आतडे मीठ आणि पाणी परत ओढून घेते. ज्यांना आपण पोसतो, ते संकटात आपल्यासाठी पाणी शेंदतात!

हे वाचले तेव्हा मला आमच्या चुलीवरची पेज आठवली. उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ आणि वर लोणच्याची फोड. शिजवून गार झालेल्या भातात असे न पचणारे पिष्ट थोडेफार तयार होते. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, वालाची उसळ, फणसाची भाजी ह्यांतला चोथा तर राखणदाराची खास राखण. पेज म्हणजे पटकीचे औषध, असे मात्र कोणी समजू नये; औषध ते मीठ-साखरेचे पाणी आणि डॉक्टर. पण ज्या अन्नावर आपल्या पिढ्या वाढल्या, त्यावर आणखी एक गाव वाढत होते, एवढे खरे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी ह्या गावाची खानेसुमारी करीत आले. २०१६ साली त्यांनी दाखवले, की भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिवोटेला’ आणि ‘मेगास्फेरा’ ह्या जंतूंची वस्ती इतर देशांतल्या लोकांपेक्षा अधिक आहे. धान्य-कडधान्यांच्या जेवणाशी प्रिवोटेलाचे नाते अनेक देशांत दिसून आले आहे. आपल्या ताटाची नोंद आपल्या पोटात अशी होत असते.

ही वस्ती आज जपावयास हवी आहे. मूल थोडे शिंकले, की घरातल्या जुन्या डब्यातली जंतुनाशक गोळी द्यावयाची, दोन दिवसांत उतार पडला, की उरलेल्या पुढल्या खेपेसाठी ठेवून द्यावयाच्या, अशी सवय आपल्याला जडली आहे. खऱ्या दुखण्यात ही औषधे जीव वाचवतात. तेथे ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरती घ्यावीत. पण उगाच घेतलेली प्रत्येक गोळी शिकागोच्या उंदरांप्रमाणे आपली शीव थोडी उघडी टाकते. आणि दुसरीकडे ताटातून चोथा नाहीसा होत आहे. नाचणी मागे पडली, कुळीथ मागे पडला, पांढराशुभ्र पाव आणि मैदा पुढे आला. राखणदाराला वर्षातून एकदा राखण द्यावी लागते असे गावात म्हणतात. हा पोटातला राखणदार बिचारा रोज मागतो आणि फार थोडे मागतो.

आगबोटी गेल्या, पडाव गेले. १९९८ पासून कोकण रेल्वेने चाकरमानी घरी येतात. विहिरीतून नळ आले, नळाला पंप लागले. उन्हाळ्यातले पाणी मात्र अजून तळालाच जाते आणि पहिल्या पावसात गढूळ होते. ते उकळून प्यावे, हे आजीच्या काळी कोणी सांगितले नाही, आपण एकमेकांना सांगू या. यंदाच्या नरकचतुर्दशीला घरातला धाकटा नातू दही-पोह्यांकडे पाहून नाक मुरडील, तेव्हा मी त्याला ह्या दोन भावांची गोष्ट सांगणार आहे. आजीने सांगितली तशीच. फक्त तिचे शेवटचे वाक्य तेवढे बदलावे लागेल.